घरट्याभोवतीची पाने

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या आठवड्यात युवक मंडळाने चर्चच्या सभागृहात छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले होते. 'आपल्या परिसरातील निसर्ग' हा विषय होता. परीक्षक म्हणून आमची निवड झाली, ती आमच्या कॅमेऱ्याच्या ज्ञानामुळे नव्हे. आम्ही अधूनमधून पुस्तकांवर चार ओळी लिहितो, एवढ्याच पुण्याईवर. ज्याला कविता कळते त्याला चित्रही कळत असावे, असा मुलांचा भाबडा समज होता आणि तो दूर करण्याइतकी नम्रता त्या दिवशी आमच्यापाशी नव्हती.

पहिले पारितोषिक आम्ही एका घरट्याच्या छायाचित्राला दिले. जास्वंदीच्या फांदीवर बुलबुलाचे वाटीएवढे घरटे. त्यात चोची वासून माना ताणलेली तीन पिल्ले. आणि काठावर अळी घेऊन नुकताच उतरलेला पक्षी. प्रकाश स्वच्छ, पाठीमागे निळे आकाश, मध्ये एक पानदेखील आडवे नाही. बक्षीस देताना आम्ही वात्सल्यावर दहा मिनिटे बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्याभराने तो तरुण संध्याकाळी आमच्याकडे आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "फादर, एक सांगायचं होतं. त्या घरट्याभोवती पानं फार होती. फोटोत काहीच दिसेना. म्हणून मी दोन फांद्या छाटल्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर घरटं रिकामं होतं. कावळ्यांनी नेली असतील पिल्लं." आणि मग खाली मान घालून, "बक्षीस परत घ्याल का?"

आम्हांला तत्काळ उत्तर देता आले नाही. दोष त्याचा होता हे खरे. परंतु तो एकट्याचा नव्हता. मध्ये एक पानदेखील आडवे नाही, हेच तर आम्ही त्या चित्राचे सौंदर्य म्हणून वाखाणले होते! बुलबुल आपले घरटे पानांच्या आड बांधतो, हे वाडीत वाढलेल्या कोणत्याही पोराला ठाऊक असते. मग या घरट्याची पाने गेली कुठे, हा साधा प्रश्न परीक्षकाला पडावयास हवा होता. तो आम्हांला पडला नाही. तेव्हापासून वन्यजीवांच्या छायाचित्रणाविषयी जे जे हाती लागले ते आम्ही वाचत गेलो, चित्रे पाहत गेलो. त्या वाचनातून जे मत बनले ते या लेखात मांडावयाचे आहे. ते थोडक्यात असे: इतर कोणत्याही चित्रापुढे उभे राहून 'किती सुंदर!' एवढे म्हणणे पुरेसे ठरेल. वन्यजीवाच्या छायाचित्रापुढे मात्र 'हे मिळाले कसे?' हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. तो विचारल्याशिवाय केलेली स्तुती ही समीक्षा नव्हे.

आपल्या भाषेतला एक शब्द येथे मोठा बोलका आहे. पक्षी दाणे टिपतो, शिकारी सावज टिपतो आणि छायाचित्रकार क्षण टिपतो. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच. इंग्रजीतही बंदूक आणि कॅमेरा यांना एकच क्रियापद चालते. भाषेने जोडलेले हे नाते कायद्यालाही मान्य असावे असे दिसते. कारण आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे आणि अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. आम्ही वात्सल्याचे म्हणून ज्या चित्राला बक्षीस दिले, ते त्या व्याख्येच्या किती जवळ होते हे पुढे कळले तेव्हा आम्ही खजील झालो.

या कलेचा आरंभही, योगायोगाने, घरट्यापासूनच झालेला आहे. इंग्लंडातील यॉर्कशायरच्या डोंगराळ मुलुखातून आलेले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ. १८९२ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी लंडनजवळ थ्रश पक्ष्याच्या, म्हणजे आपल्याकडील कस्तुराच्या गोतातील एका पक्ष्याच्या, घरट्याचे अंड्यांसह छायाचित्र घेतले. १८९५ साली ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. लेखन रिचर्डचे, छायाचित्रे चेरीची. तोवर पक्ष्यांवरची पुस्तके रंगवलेल्या चित्रांनी सजत आणि ती चित्रे बहुधा मारून पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून काढलेली असत. जिवंत पक्ष्याच्या जिवंत संसाराची छायाचित्रे आरंभापासून अखेरपर्यंत असलेले पुस्तक ही त्या वाचकांना अपूर्वाई होती.

पण आम्हांला त्या पुस्तकाहून अधिक महत्त्वाची वाटते ती कीर्टन बंधूंची युक्ती. पक्षी माणसाला बुजतात, गुराला बुजत नाहीत, हे त्यांनी हेरले. तेव्हा त्यांनी बैलाचे कातडे हलक्या सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार करवला. रिचर्ड त्याच्या पोटात शिरून कॅमेऱ्यासह तासन् तास उभा राहावयाचा. एकदा तो आत अवघडून बेशुद्ध पडला आणि बैलासह कलंडला. चेरी येऊन पाहतो तो बैलाचे चारही पाय आभाळाकडे! चेरीने आधी भावाला बाहेर काढले की आधी त्या दृश्याचे छायाचित्र घेतले, याविषयी तर्क करावयास वाव आहे. कारण ते छायाचित्र उपलब्ध आहे. हसू आणणारी ही गोष्ट. पण तिच्यात एक नीती आहे. पक्ष्याचा आडोसा काढून घेण्याऐवजी या माणसांनी स्वतःसाठी आडोसा निर्माण केला. गैरसोय कोणी सोसावयाची, पाहणाऱ्याने की पाहिला जाणाऱ्याने, हा या कलेतला मूळ प्रश्न आहे आणि कीर्टनांनी त्याचे उत्तर पोकळ बैलाच्या पोटात उभे राहून दिले.

आता आपल्या देशाकडे येऊ. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे ब्रिटिश अमदानीत संयुक्त प्रांतात वनाधिकारी होते. पहिल्या महायुद्धात सैन्यात काम केल्यानंतर ते वनखात्यात आले. ज्या काळी वाघाच्या कलेवरावर पाय ठेवून छायाचित्र काढून घेणे हा साहेबी प्रतिष्ठेचा भाग होता, त्या काळी हे गृहस्थ शिवालिक टेकड्यांच्या रानात वाघाचे जिवंतपणीचे छायाचित्र मिळावे म्हणून वर्षानुवर्षे खपत होते. १९२५ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका प्रख्यात सचित्र साप्ताहिकाने त्यांच्या वाघाच्या छायाचित्राला पहिल्या पानाचा मान दिला. १९२७ साली 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' आणि १९३४ साली 'द जंगल इन सनलाइट अँड शॅडो' ही त्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली.

त्यांची पद्धत अशी. वाघ रात्री रानातल्या पायवाटांनी आणि नाल्यांच्या कोरड्या पात्रांतून चालतो. माग काढून अशी वाट हेरावयाची. तिच्यावर बारीक तार आडवी ताणावयाची. कॅमेरा आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा दिवा त्या तारेला जोडावयाचा, आणि निघून जावयाचे. तारेला पाय लागला की लख्ख उजेड पडे आणि वाघ स्वतःच आपले छायाचित्र घेई. कधी हरीण येई, कधी साळिंदर, कधी अस्वल; पुष्कळदा कोणीच येत नसे. दव पडे, तार ढिली होई, भुकटी पेटत नसे.

आजच्या डोळ्यांना ही छायाचित्रे कदाचित ओबडधोबड वाटतील. रंग नाहीत, पुढचे गवत उजेडाने पांढरे पडलेले, मागे काळाकुट्ट अंधार. परंतु आम्ही जितक्या वेळा ती पाहिली तितक्या वेळा एका गोष्टीने थबकलो. त्यांतील वाघ आपल्या कामाला निघालेला असतो. त्याच्या चालीत प्रेक्षकाची जाणीव नाही. शिकारीच्या छायाचित्रातला मेलेला वाघ माणसासाठी मांडलेला असतो. प्राणिसंग्रहालयातला वाघ माणसाच्या नजरेला सरावलेला असतो. चॅम्पियनच्या वाघाला मात्र आपण आहोत हे ठाऊकच नाही. आपण नसताना जग कसे असते, याची अर्ध्या निमिषाची साक्ष या चित्रांनी दिली, आणि तेच त्यांचे सौंदर्य आहे. या बारीक निरीक्षणातूनच चॅम्पियन यांनी ओळखले की प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची ठेवण निराळी असते आणि तिच्यावरून एक वाघ दुसऱ्यापासून ओळखता येतो. या बीजाचा केवढा वृक्ष झाला पाहा. २०१८ च्या आपल्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांत वाघांची ७६,६५१ होती. पट्ट्यांवरूनच एकेक वाघ वेगळा ओळखून गणती झाली. तार गेली, अदृश्य किरण आले. पण युक्ती तीच.

येथे एखादा चोखंदळ वाचक म्हणेल, "तार लावणे, दिवा उडवणे ही तरी कृत्रिमताच नव्हे काय? मग फांदी छाटणाऱ्या त्या पोरानेच काय पाप केले?" आक्षेप रास्त आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे. रानात कॅमेरा नेला की कृत्रिमता आलीच. रात्रीच्या त्या लखलखाटाने वाघ क्षणभर दचकत असेल, हेही नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दोन गोष्टींनी चॅम्पियन वेगळे ठरतात. एक, उजेड विझल्यावर वाघ आपल्या वाटेने निघून गेला. त्याचे रान, त्याची वाट, त्याचा आडोसा त्याच्याकडेच राहिला. दुसरे, आणि समीक्षेच्या दृष्टीने अधिक मोलाचे, हे की चॅम्पियन यांनी चित्र कसे मिळवले ते वाचकाला सांगितले. तार, दिवा, फसलेल्या रात्री, हे सारे पुस्तकात आहे. चित्रामागचा खटाटोप त्यांनी झाकला नाही. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना आमच्या मनावर एक भेद ठसवला गेला होता: खोटे बोलणे निराळे आणि खोटा समज होऊ देणे निराळे, पण ऐकणाऱ्याची फसवणूक दोहोंतही सारखीच होते. छायाचित्र तोंडाने काही बोलत नाही. म्हणूनच त्याच्या बाबतीत दुसऱ्या प्रकाराला फार जपावे लागते.

हे जपले नाही म्हणजे काय होते, याची तीन उदाहरणे देतो.

पहिले चित्रपटाचे. १९५८ साली डिस्ने कंपनीचा 'व्हाइट विल्डरनेस' हा उत्तर ध्रुवाकडील प्राणिजीवनावरचा अनुबोधपट आला आणि त्याला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे लहान प्राणी झुंडीने कड्यावरून उड्या टाकून जीव देतात असे दाखवले होते. १९८२ साली कॅनडाच्या दूरदर्शनवरील एका कार्यक्रमाने खरा प्रकार उघडकीस आणला. ते चित्रण कॅनडातील अल्बर्टा प्रांतात झाले होते. तेथे समुद्रच नाही. लेमिंग बाहेरून विकत आणले होते, फिरत्या तबकडीवर पळवून त्यांची 'झुंड' केली होती आणि अखेरीस त्यांना कड्यावरून नदीत ढकलले होते. लेमिंग सामुदायिक आत्महत्या करतात ही समजूत आजही अनेकांच्या मनात आहे. चित्रपट विसरला गेला, खोटी साक्ष मात्र टिकली.

दुसरे उदाहरण २००९ चे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रणाची स्पर्धा जगात अग्रगण्य मानली जाते. त्या वर्षी सर्वोच्च पारितोषिक मिळालेल्या चित्रात एक लांडगा रात्रीच्या वेळी लाकडी फाटकावरून झेप घेत होता. नाव होते 'गोष्टीतला लांडगा' अशा अर्थाचे. चित्र खरोखरच विलक्षण होते. मग स्पेनमधील जाणकारांनी शंका काढली: रानातला लांडगा फाटकाच्या फटीतून निसटेल, उडी कशाला मारील? चौकशी झाली. तो लांडगा माद्रिदजवळच्या एका प्राणिउद्यानातला शिकवलेला प्राणी असण्याचीच शक्यता फार मोठी आहे, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि २०१० च्या जानेवारीत पारितोषिक काढून घेतले. छायाचित्रकाराने आरोप ठामपणे नाकारला, हेही नमूद केले पाहिजे. तिसरे त्याच स्पर्धेतले. वारुळाकडे जाणाऱ्या मुंगीखाऊ प्राण्याचे, ब्राझीलमध्ये घेतलेले २०१७ चे एक विजेते चित्र २०१८ साली बाद झाले. कारण तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचे मत तज्ज्ञांनी दिले. याही छायाचित्रकाराने इन्कार केला. कीर्टनांच्या आधी पेंढा भरलेले पक्षी पुस्तकांतून मिरवत होते. सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा तेथेच आलो की काय, अशी शंका येते.

लक्षात घ्या, परीक्षक अनाडी नव्हते. जगातले नामांकित जाणकार होते. तरीही ते फसले, कारण चित्र फार सुंदर होते. आम्ही आमच्या सभागृहात जे केले तेच त्यांनीही केले, एवढाच दिलासा आम्हांस मिळाला. तो काही फार मोठा नव्हे.

मग सुंदर आणि खरे असे काही नाहीच की काय? आहे. त्याच स्पर्धेतले २०२० चे सर्वोच्च पारितोषिक रशियाच्या सेर्गेई गोर्श्कोव्ह यांच्या चित्राला मिळाले. रशियाच्या अतिपूर्वेकडील एका राष्ट्रीय उद्यानात, सूचिपर्णी वृक्षांच्या रानात, एक अमूर वाघीण एका पुराण्या झाडाच्या बुंध्याला मिठी मारून उभी आहे. डोळे मिटल्यासारखे, गाल सालीला टेकलेला. उतरते ऊन बुंध्यावर आणि तिच्या पाठीवर सारखेच सांडलेले. पट्टे कोठे संपतात आणि झाडाच्या सालीच्या रेघा कोठे सुरू होतात हे क्षणभर कळत नाही. नाव 'आलिंगन'. प्रत्यक्षात ती आपला गंध झाडावर ठेवून हद्द आखते आहे. प्रेमाचा अर्थ आपण भरतो. या एका चित्रासाठी कॅमेरा आपोआप चालेल अशी व्यवस्था करून अकरा महिने वाट पाहावी लागली. येथेही माणूस जवळ नव्हता. चॅम्पियनच्या तारेचे हे थेट वंशज. फरक इतकाच की येथे सबंध रान उजळले आहे. हे चित्र पाहताना पुढे आलेली वाघीण आपल्यासाठी आली नाही हे आपल्याला जाणवते, आणि म्हणूनच तिच्या दर्शनाने मन भरून येते.

याच्या शेजारी आपल्या महाराष्ट्रातले एक दृश्य ठेवून पाहू. २०२४ च्या ३१ डिसेंबरला विदर्भातील उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह वाटेवर आली असता पर्यटकांच्या वाहनांनी तिला दोन्ही बाजूंनी अडवून धरले. मोबाइल आणि कॅमेरे वर उचलले गेले. त्याची चित्रफीत घरोघर पोहोचली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या दिवशीच्या छायाचित्रांत काही नक्कीच ठसठशीत असतील. आईच्या पायांत घोटाळणारे बछडे मोठे गोंडस दिसत असतील. ती चित्रे खोटी नव्हेत. प्राणी खरा, रान खरे. तरीही त्यांत एक फार मोठी गोष्ट चौकटीबाहेर ठेवलेली आहे: भोवतालची वाहने. आमच्या जास्वंदीवरून पाने काढून टाकली होती. तेथे वाघिणीची वाट काढून घेतली होती. दोन्हींकडे आडोसा गेला तो त्या मुक्या जिवाचा.

आणि हे त्या महाराष्ट्रात, जेथे व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या रानावर आख्खे पुस्तक लिहिले आणि मारुती चितमपल्लींनी वनखात्यात आयुष्य घालवून रानाला मराठी शब्द दिले! या लेखकांकडून आपण काय शिकलो? रानात आधी गप्प बसावे लागते. कितीतरी दिवस काहीही न दिसता परतावे लागते. न दिसलेले न दिसलेलेच राहू द्यावे लागते. शब्दांच्या कलेने जे व्रत पाळले ते कॅमेऱ्याच्या कलेने पाळू नये, असे कोठे आहे?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की पाहणाऱ्यानेही काही जबाबदारी घ्यावी. भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान असो, की मुलाने मोबाइलवर पुढे केलेला फोटो असो, वाहवा करण्याआधी विचारावे: हा प्राणी मोकळा होता का? चित्र घेऊन झाल्यावर त्याचे काय झाले? आणि घेणाऱ्याने हे सारे सांगितले आहे का? आपण टाळ्या कशाला वाजवतो हे पोरे बारकाईने पाहत असतात. आम्ही निळ्या आकाशाला टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी आणखी कितीजण हाती कोयती घेऊन घरटी शोधत हिंडले असते, कोणास ठाऊक.

त्या तरुणाचे बक्षीस आम्ही परत घेतले नाही. घेतले असते तर आमचीही चूक त्याच्याच पदरात बांधल्यासारखे झाले असते. त्याला म्हटले, "चित्र पुढच्या वर्षी पुन्हा लाव आणि खाली तुझ्याच हाताने काय घडलं ते लिही." तो मुकाट निघून गेला. लावील असे आम्हांला वाटले नव्हते. पण त्याने लावले. खाली सहा ओळी होत्या. शेवटच्या ओळीत घरटे रिकामे झाल्याचे लिहिले होते. त्याच्या खाली आम्ही आमची एक ओळ जोडली: परीक्षकांनी विचारले नाही.

त्या वर्षी त्या चित्रापुढे लोक सर्वांत अधिक वेळ थांबले. वाडीतल्या एका आजींना नातीने मजकूर वाचून दाखवला. त्या चित्राकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या तगरीत दरसाल असतं घरटं. आम्ही नाही जात बघायला. पिल्लं ओरडायला लागली की कळतं."